सव्वीस मुलाखती, एक कात्री आणि खतावणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: यवतमाळ जिल्ह्यातल्या चार गावांत कापूस पिकवणाऱ्या घरांतल्या बायकांच्या २६ मुलाखती घेतल्या आहेत, बहुतेक वऱ्हाडीत. नापिकीच्या वर्षी घर कसं चालवलं, पैसा कुठून उभा केला, हा विषय. प्रबंधाचे मार्गदर्शक म्हणतात एन्व्हिवो (मुलाखतींसारख्या मजकुराच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर) घ्या, नाहीतर बाहेरचे परीक्षक दारात उभं करणार नाहीत. परवान्याला पैसे नाहीत. हातानं विश्लेषण केलं तर चालेल का, आणि करायचं कसं?

चालेल. ताई, २६ मुलाखतींना तर मी म्हणेन हातानंच करा. मात्र ‘हातानं’ म्हणजे झटपट, असं मनात असेल तर ते आधी काढून टाका. उन्हाळ्याची पूर्ण सुटी जाईल आणि घरातली एक खोली अडेल.

माझे वडील एका अडत दुकानात दिवाणजी होते. दिवसभरात जे घडेल ते कीर्दीत ओळीनं उतरायचं: कोणाचा कापूस आला, कोणी उचल नेली, हमाली किती दिली. रात्री जेवणं झाली की ते खतावणी उघडायचे आणि कीर्दीतली एकेक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन मांडायचे. प्रत्येक नोंदीसमोर कीर्दीच्या पानाचा आकडा. पुढं शिकताना गुणात्मक विश्लेषणाची पुस्तकं समोर आली तेव्हा कोडिंग म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. मुलाखत ही कीर्द, बोलणं जसं झालं तसं. कोड, म्हणजे बोलण्याच्या तुकड्याला दिलेलं विषयाचं नाव, हे खातं. आणि कोणती नोंद कोणाच्या खात्यावर टाकायची हे दिवाणजीला ठरवावं लागतं, वही कितीही भारी असली तरी. एन्व्हिवो ही अशीच एक भारी वही आहे. तुमच्या मार्गदर्शकांना ती विश्लेषण करून देते असं वाटत असेल तर चूक त्यांची एकट्याची नाही, हा समज बऱ्याच विद्यापीठांत पसरलेला आहे.

ग्लेसर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये ग्राउंडेड थिअरी, म्हणजे गोळा केलेल्या माहितीतूनच सिद्धांत उभा करायची पद्धत, मांडली ती इस्पितळांत मरणाच्या दारी असलेल्या रुग्णांवरच्या कामातून, आणि तेव्हा त्यांच्यापुढं कागदच होते. एन्व्हिवोचा पूर्वज ‘नडिस्ट’ मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठात लिन आणि टॉम रिचर्ड्स या जोडप्यानं १९८१ पासून घडवला. मजकुराची सूची करणं आणि त्यातून शोधणं, हे काम त्याच्या पूर्ण इंग्रजी नावातच होतं. ब्राउन आणि क्लार्क यांचा २००६ चा थिमॅटिक अ‍ॅनालिसिसवरचा लेख आज जो तो उद्धृत करतो; मुलाखतींतून विषयसूत्रं, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे मुद्दे, शोधण्याची ती पद्धत. त्या लेखातही कोडिंग हातानं करा किंवा सॉफ्टवेअरनं, दोन्ही चालतं असंच आहे. आणि मुलाखतींवर आधारित संशोधन कसं कळवावं याची २००७ ची ‘कोरेक’ नावाची ३२ कलमांची यादी आहे, तिचं २७ वं कलम सॉफ्टवेअरचं: वापरलं असल्यास कोणतं. ‘वापरलं असल्यास’ हे शब्द मार्गदर्शकांना दाखवा. त्याच यादीत कोड किती जणांनी लावले, कोडांची मांडणी कशी होती, विषयसूत्रं कुठून आली, हेही विचारलेलं आहे, आणि त्यांना ‘असल्यास’ अशी सवलत नाही. परीक्षक जाणते असतील तर तिथंच बोट ठेवतील.

आता माझी एक फजिती सांगते, कारण तुमचा विषय तोच आहे.

बचत गटांच्या कामात मी बायकांशी घरखर्चाबद्दल बोलत होते. एक खातं उघडलं होतं ‘कर्ज’, दुसरं ‘गटातला सहभाग’. मुलाखतींच्या कागदांतून चिठ्ठ्या कापून खात्यागणिक पाकिटांत टाकल्या तर कर्जाचं पाकीट चपटं राहिलं. बाई सरळ सांगायची, “आमच्यावर कर्ज नाई जी.” आणि चार वाक्यांनी पुढं, “गटाचे पैसे हायेत, ते तं दर हप्त्याले भरतोच.” ही दुसरी चिठ्ठी मी मुकाट्यानं सहभागाच्या पाकिटात टाकत होते. पंधरा-सोळा मुलाखती झाल्यावर एका संध्याकाळी ते जाड पाकीट फरशीवर ओतलं आणि एकामागून एक वाचायला लागले, तेव्हा अंगावर काटा आला. ‘गट’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक आपला महिन्याच्या बचतीचा गट, ज्याची बैठक अंगणवाडीत भरते. दुसरा मायक्रोफायनान्स कंपनीनं दहा-बारा बायकांना एकत्र बसवून केलेला गट, ज्याचा हप्ता घ्यायला मोटारसायकलवर एक पोरगा येतो आणि एकीनं भरला नाही तर बाकीच्यांना उठू देत नाही. दोन्हींना बाया ‘गट’च म्हणतात. आणि मी त्या वसुलीची नोंद महिला सक्षमीकरणात करून बसले होते!

मग सगळं पुन्हा मांडलं. ‘कर्ज’ हा शब्द बाया फक्त बँकेच्या किंवा सोसायटीच्या पैशाला वापरत होत्या, म्हणजे जे सातबाऱ्यावर चढतं आणि बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर असतं. म्हणून ‘आमच्यावर कर्ज नाई’ हे तिच्या परीनं खरंच होतं. कृषी केंद्रातून बियाणं-औषध आणलं, कापूस निघाल्यावर द्यायचं, ती ‘उधारी’. सावकाराचं ते ‘देणं’. बहिणीकडून, माहेरून आणलेलं ‘हातउसनं’. नवरा कोणाकडं सालानं राहिला आणि आधी पैसे घेतले ती ‘उचल’. एका खात्याची सहा खाती झाली, आणि कोणत्या पैशाची परतफेड आधी होते, कोणती पुढं ढकलता येते, हे विचारल्यावर कामाचा कणाच हाती आला. हे माझं कर्तृत्व नाही. पाकीट चपटं दिसलं म्हणून शंका आली, एवढंच. पडद्यावर ‘कर्ज’ हा शब्द शोधून चाळीस ठिकाणं समोर आली असती तर मी कदाचित समाधानानं पुढं गेले असते.

आता कृती. मुलाखती स्वतः उतरवा. तासाभराच्या शांत रेकॉर्डिंगला चार ते सहा तास लागतात. तुमच्याकडं मागं टीव्ही, शेळी आणि सासूबाई असणार, तेव्हा जास्तच धरा. उतरवताना ‘मले’चं ‘मला’ करू नका. बाई थांबली तर थांबली असं कंसात लिहा. पैशाच्या बोलण्यात थांबणं फार बोलकं असतं. सासूबाई येऊन बसल्या तेही लिहा. पानाच्या उजव्या बाजूला तिसरा हिस्सा कोरा सोडा, ओळींत अंतर ठेवा, ओळींना क्रमांक द्या, आणि कागदाच्या एकाच बाजूला छापा. पाठपोट छापून पैसे वाचवाल तर कात्री लावताना मागचा मजकूर गेला. मूळ प्रत फाइलला लावून कपाटात. तिला पेन्सिलसुद्धा लावायची नाही. काम झेरॉक्सवर.

झेरॉक्स रंगीत कागदावर काढा, गावागणिक एक रंग. चार रुपये जास्त जातील, पण या एका युक्तीनं मला जितकं दाखवलं तितकं कोणत्या तक्त्यानं दाखवलं नाही. ‘भाजीपाल्याचा पैसा बाईच्या हातात’ या खात्यावरच्या चिठ्ठ्या एकदा जवळजवळ सगळ्या पिवळ्या निघाल्या. पिवळं गाव ओलिताचं होतं, बाकीची कोरडवाहू. वाचायच्या आधीच डोळ्यांना कळलं की हे सगळ्या बायांचं म्हणणं नाही, कालव्याचं पाणी आलेल्या गावाचं आहे.

पहिलं वाचन रिकाम्या हातानं करा. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या आणि समासात छोटी टिपणं करा, शक्यतो बाईच्याच शब्दांत. पाच-सहा मुलाखती अशा झाल्या की थांबा आणि दोनशे पानी रजिस्टरमध्ये खात्यांची यादी करा. प्रत्येक खात्याला एक पान: नाव, त्यात काय येतं, काय येत नाही, एक नमुना. ‘काय येत नाही’ ही ओळ सगळे गाळतात आणि नंतर रडतात. हातउसनं आणि आहेर यांत फरक काय? लग्नात भावानं दिलेले पैसे परत करायचे असतात का? ते पानावर लिहिलेलं नसेल तर तिसऱ्या मुलाखतीत तुम्ही एक ठरवाल आणि विसाव्या मुलाखतीत दुसरंच. खातं मोडलं, दोन एक केली, नाव बदललं, तर तारीख टाकून त्याच पानावर लिहा. जुनं खोडायचं ते एका रेघेनं, खालचं वाचता येईल असं. माझे वडील खतावणीत चाकू-रबर लावू देत नसत; खोडाखोड दिसली पाहिजे म्हणत, लपवलेली खोड म्हणजे लबाडी.

मग कात्री. कात्री लावायच्या आधी, आधी म्हणजे आधीच, प्रत्येक तुकड्यावर त्याचा पत्ता लिहा: मु०७-४-१२, म्हणजे सातवी मुलाखत, चौथं पान, बारावी ओळ. पत्ता नसलेली चिठ्ठी ही कीर्दीचं पान नसलेली नोंद. ती फेकून द्यावी लागते, कितीही सुंदर असो. तुकडा ऐसपैस कापा, तुमचा प्रश्नही त्यात राहू द्या. “हो, देते ना” एवढंच कापलं तर कोण कोणाला काय देते ते महिन्यानं तुम्हालाच कळणार नाही. एक तुकडा दोन खात्यांवर जात असेल तर दुसरी झेरॉक्स काढून दोन्हीकडं टाका आणि दोन्हींवर दुसऱ्या खात्याचं नाव लिहा. कोड पेन्सिलीनं, पत्ता बॉलपेननं. जेल पेन घामाच्या हातानं पसरतं.

आणि कूलर बंद करून बसा. हसू नका. मे महिन्यात चिठ्ठ्या फरशीवर मांडल्या असताना घरातल्या कोणी कनवाळू माणसानं कूलर सुरू केला आणि माझी दोन दिवसांची मांडणी पलंगाखाली गेली. पत्ते लिहिलेले होते म्हणून वाचले. सकाळी सहा ते नऊ हीच कामाची वेळ. उठताना प्रत्येक ढिगाचा मोबाइलवर फोटो घ्यायचा, म्हणजे काल कुठं काय होतं ते कळतं आणि उंदीर-वाळवीच्या भीतीवरही थोडा उतारा राहतो.

चिठ्ठ्या लावताना मनात जे येईल ते वेगळ्या वहीत, तारखेसकट. याला मेमो म्हणतात. ‘गटाच्या हप्त्याच्या दिवशी मजुरीला जाण्याबद्दल तिघी बोलल्या, बाकीच्यांना विचारलंच नाही’ असं साधं वाक्य पुरतं. प्रबंधाचं विश्लेषणाचं प्रकरण यातूनच निघतं, पाकिटांतून नाही.

पाकिटं भरली की मोठा ड्रॉइंग पेपर भिंतीला लावा. उभी २६ घरं, आडवी दहा-बारा मुख्य खाती, प्रत्येक चौकटीत तुमच्या शब्दांत एक-दोन ओळी आणि चिठ्ठ्यांचे पत्ते. याला फ्रेमवर्क पद्धत म्हणतात. १९८० च्या दशकात लंडनमधल्या एका सामाजिक संशोधन संस्थेत ती तयार झाली. इथं कोऱ्या चौकटी नीट बघा. बाई त्या विषयावर गप्प राहिली, की तुम्ही विचारलंच नाही? दोन्हींना वेगळी खूण करा. आणि ज्या ओळी बाकीच्यांच्या विरुद्ध जातात त्या मुद्दाम शोधा. पंचवीस जणी म्हणतात मंगळसूत्र मोडलं नाही, गहाण ठेवलं; एकीनं मोडलं. तिला अपवाद म्हणून बाजूला सारायचं नाही, तिच्याकडं दोनदा जायचं.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे, कोणी हट्टी म्हटलं तरी. प्रबंध इंग्रजीत लिहायचा असला तरी कोडिंग वऱ्हाडीवरच करा. भाषांतर फक्त प्रबंधात छापायच्या उताऱ्यांचं, तेही शेवटी. माझ्या एका मुलाखतीत नवरा गेल्यानंतरच्या वर्षाबद्दल बाई म्हणाली, “आमची तं उलंगवाडीच झाली.” कापसाची शेवटची वेचाई आटोपली, वावर मोकळं झालं, आता कोणाची गुरं शिरली तरी कोणी हटकत नाही, ती उलंगवाडी. राखण उठलेलं घर. इंग्रजीत ‘हंगाम संपला’ असं करून त्यावर कोड लावला असता तर त्या घरात नंतर कोणकोण शिरलं, दीर, सावकार, वसुलीवाले, हे सगळं एका धाग्यात दिसलंच नसतं. पुढं ते माझ्या एका खात्याचं नावच झालं.

सालांचंही तसंच. बायका सन सांगत नाहीत. ‘बोंडअळीचं साल’ म्हणजे २०१७, ते कळतं. पण “कर्जमाफी झाली तवा” म्हणजे कधी? २००८ ची केंद्राची, २०१७ ची राज्याची, की २०१९ ची? थोरली पोरगी तेव्हा कितवीत होती, यावरून ते लावावं लागतं. भिंतीवर सालांची एक पट्टी करून ठेवा आणि अशी प्रत्येक चिठ्ठी तिच्याशी ताडून मगच खात्यावर टाका.

यंत्राचा एक त्रास तुम्हाला आधीच माहीत असलेला बरा. तालुक्याच्या टायपिंगवाल्याकडून मजकूर श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलात तर तो युनिकोड नसतो आणि सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचा काला दिसतो. युनिकोड असला तरी नाही, नाई, न्हाई किंवा पऱ्हाटी (कापसाचं झाड), पराटी असं प्रत्येक रूप वेगळं शोधावं लागतं. बोलणं आपोआप उतरवणारी साधनं माझ्या अनुभवात वऱ्हाडीला ओढून प्रमाण मराठीत आणतात, आणि ‘उलंगवाडी’सारख्या शब्दाचं काय करतील ते त्यांनाच ठाऊक.

सॉफ्टवेअर कधी घ्यावं? चाळीसच्या वर मुलाखती असतील, तिघं-चौघं वेगवेगळ्या गावी बसून कोड लावणार असतील, किंवा तीच माणसं दर वर्षी पुन्हा भेटणार असतील तर घ्या. चिठ्ठ्या तिथं आवरत नाहीत. टॅगेट नावाचं फुकट, खुल्या स्रोताचं साधन आहे, साधी कामं त्यात होतात. मधला मार्गही आहे: कात्रीचं काम झाल्यावर पत्ता, गाव, खातं, पहिले चार शब्द एवढं एक्सेलमध्ये भरायचं. उतारा शोधायला तेवढं पुष्कळ होतं.

एकट्यानं केलेल्या कामावर शंका घेतली जाते, आणि घ्यावीही. वऱ्हाडी समजणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला तुमचं खात्यांचं रजिस्टर आणि कोऱ्या झेरॉक्सच्या तीन मुलाखती द्या. तिनं लावलेले कोड तुमच्याशी जिथं जुळत नाहीत तिथं बसून वाद घाला आणि काय ठरलं ते लिहा. टक्केवारी काढायचा अट्टहास नको. आमच्या वादातून खात्याची व्याख्या सुधारली हे दाखवता आलं की पुरे. तिलाही गुप्ततेच्या कागदावर सही करायला लावा.

गुप्ततेबद्दल मी स्वतः चुकले आहे. उरलेल्या झेरॉक्स घरातल्या रद्दीत गेल्या, आणि महिन्याभरानं चौकातल्या गाडीवर चिवड्याच्या पुडीवर मला माझ्याच प्रश्नाची ओळ दिसली. नाव नव्हतं, नशीब. तरी त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून उरलेला प्रत्येक कागद चुलीत. आणि नाव खोडून मु०७ लिहिलं म्हणजे ओळख पुसली असं समजू नका. ‘पिठाची गिरणी चालवणारी, फवारणीत नवरा गेलेली’ एवढं लिहिलं की तालुक्यात तिला सगळे ओळखतात. प्रबंधात गिरणीचं दुसरं काहीतरी करा, आणि तसं केलं आहे हे सांगा.

पद्धतीच्या प्रकरणात लपवाछपवी नको. साधारण असं लिहा: ‘मुलाखती संशोधकानं स्वतः मूळ बोलीत उतरवल्या. पहिल्या सहा मुलाखतींवरून कोडसूची तयार केली, तिच्यातले बदल तारखेसह नोंदवले. कोड केलेले उतारे कापून, मुलाखत-पान-ओळ असा संदर्भ देऊन हातानं वर्गीकृत केले आणि नंतर घरनिहाय तक्ता केला. तीन मुलाखतींचं कोडिंग दुसऱ्या व्यक्तीकडून करून मतभेद चर्चेनं सोडवले. सॉफ्टवेअर वापरलं नाही.’ परिशिष्टात खात्यांच्या रजिस्टरची चार पानं आणि कोड लावलेलं मुलाखतीचं एक पान जोडा, ओळख पुसून. तोंडी परीक्षेला जाताना रजिस्टर पिशवीत असू द्या. ‘हे विधान कशावरून’ असं विचारलं तर रजिस्टरवरून खातं, खात्यावरून पत्ता, पत्त्यावरून मूळ पान, हे समोर उघडून दाखवता आलं पाहिजे. घरी एकदा तालीम करा. मला आमच्या एका विद्यार्थिनीची तोंडी परीक्षा आठवते: परीक्षकांनी तीन पत्ते उघडायला लावले, तिसऱ्याला मान हलवली आणि पुढचा प्रश्न सावकारीवर विचारला.

सुरुवात दोन मुलाखतींनी करा, सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड. कापण्याचं काम मृगाच्या आधी उरका. जूनच्या ओलीत झेरॉक्सचे कागद एकमेकांना चिकटतात, आणि तोवर तुमच्या बायाही पेरणीच्या धांदलीत असणार. काही पुन्हा विचारायचं राहिलं असेल तर त्यांची गाठ पडायची नाही.